आग्रा रोडचे सोयरे

ट्रक ड्रायव्हर म्हटला की आपल्या मनात पहिली गोष्ट कोणती येते? खरे सांगा. दारू येते, बाहेरचे नाद येतात, नाहीतर पेपरातली अपघाताची बातमी येते. मुलगी दाखवायच्या वेळी "मुलगा लाइनवर असतो" एवढे ऐकले की पुष्कळ आई-बाप चहाचा कप खाली ठेवून घड्याळाकडे बघू लागतात. वाईट ड्रायव्हर नसतात असे मी म्हणणार नाही. वाईट क्लार्कही असतात. पण गेली बावीस वर्षे मी रबाळ्याच्या एका ट्रान्सपोर्ट कचेरीत बिल्ट्या लिहितो आहे. माझ्या टेबलासमोरच्या बाकड्यावर बसून या माणसांनी जे जे सांगितले ते आपल्या घरांपर्यंत फारसे पोचत नाही. त्यांच्या बायकांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. म्हणून हा लेखप्रपंच.

त्यातही मुख्यतः आमच्या दाजींविषयी लिहितो, कारण त्यांची हकिगत मला बाकड्यावरूनही माहीत आहे आणि ऐरोलीला ताईच्या स्वयंपाकघरात बसूनही.

दाजींचे आई-वडील १९७२ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातून उठले आणि दिघ्याच्या दगडखाणीवर आले. दाजी दहावी नापास. १९९३ साली गाडीवर क्लीनर म्हणून चढले, चार वर्षांनी हेवी लायसन्स हातात आले आणि पुढे २०२१ पर्यंत त्यांनी एकच रस्ता धरला, मुंबई-आग्रा. कागदावर तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ होता. आता त्याच्या तुकड्यांना वेगवेगळे क्रमांक मिळाले आहेत, पण ड्रायव्हर मंडळी अजून "आग्रा रोड"च म्हणतात. कसारा घाट, इगतपुरी, नाशिक, चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर. पळासनेरला महाराष्ट्र संपला की बिजासन घाट, सेंधवा, खलघाटला नर्मदेचा पूल, मानपूरचा चढ, महू, इंदूर, देवास, शाजापूर, ब्यावरा, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, मुरैना, धौलपूर आणि शेवटी आग्रा. सुमारे १,२०० किलोमीटर. आपण रेल्वेची स्टेशने म्हणतो तशी दाजी ही नावे म्हणतात. फरक एवढाच की त्यांच्या प्रत्येक नावामागे एखादा माणूस असतो. चांदवडला पंक्चरवाला चाचा, शिरपूरला कमानपाटे बसवणारा मिस्त्री, शाजापूरला केस कापणारा.

बाजेवरची ओळख

ही ओळख होते कशी? मी हे दाजींना विचारले तेव्हा ते म्हणाले, "गाडी थांबली की होते." यात सगळे आले. जुन्या गाड्या कसारा चढताना तापायच्या, रेडिएटरचे पाणी उकळायचे. वर पोचल्यावर अर्धा तास बॉनेट उघडे टाकून बसायचे. शेजारी दुसरा तसाच बसलेला. मग विडी, मग "कहाँ से?" आणि मग गाव. नंबर प्लेट हीच पहिली चिठ्ठी. एमएच-४३ म्हणजे नवी मुंबई, एमएच-०४ म्हणजे ठाणे. परमुलखात आपल्याकडची पाटी दिसली की माणूस नुसता हॉर्न देऊन पुढे जात नाही.

त्यानंतर जकात नाके. मुंबईत शिरताना मुलुंड-ऐरोलीच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागलेली माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिली आहे. राज्याच्या सरहद्दीवर तर विक्रीकराचा नाका वेगळा, आरटीओचा वेगळा. आठ-दहा तास कागद हातात धरून बसायचे, आणि कागद चोख असले तरी हात मोकळा सोडल्याशिवाय गाडी हलत नसे. या छळाचे कौतुक कोणी करू नये. पण त्या आठ-दहा तासांत गाडीखाली स्टोव्ह पेटायचा. ज्याचा भात शिजला तो शेजारच्याला विचारल्याशिवाय खात नसे. पंजाबच्या ड्रायव्हरकडे लोणचे, तमिळ ड्रायव्हरकडे तांदूळ, आमच्या दाजींकडे ताईने दिलेली शेंगदाण्याची चटणी. ही चटणी मुरैनापर्यंत प्रसिद्ध होती असे दाजी सांगतात. ताईला हे ऐकवले की ती म्हणते, "म्हणूनच डबा रिकामा यायचा."

ढाबा म्हणजे नुसते जेवणाचे ठिकाण नव्हे. बाजेवर आडवी फळी टाकून जेवायचे, त्याच बाजेवर झोपायचे, मागच्या हौदावर आंघोळ करायची. पैसे मागत नाहीत, फक्त जेवणाचे घेतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ढाबेवाला हा ड्रायव्हरचा पोस्टमन आणि बँकही होता. मोबाइल नव्हते तेव्हा परतीची गाडी घेऊन मुंबईकडे निघालेल्याला सांगायचे, "दिघ्याला घरी निरोप दे, गाडी ब्यावऱ्याला उभी आहे, इंजिनाचे काम निघालेय, चार दिवस लागतील." तो माणूस दिघ्याचा नसला तरी रबाळ्याला माल खाली करताना कोणाकोणाला विचारत घर शोधायचा. १९९८ साली असा निरोप घेऊन एक सरदारजी ताईच्या दारात उभे राहिले. नवी नवरी, दारात पगडीवाला अनोळखी माणूस, ती घाबरून शेजारणीला हाका मारू लागली. सरदारजी बिचारे तीन पायऱ्या खाली उतरून उभे राहिले आणि तिथूनच मोठ्याने निरोप सांगून चहा न घेता गेले. पुढे दोन वर्षांनी तेच सरदारजी आमच्या भाचीच्या नामकरणाला आले. या वेळी जेवूनच गेले.

आणखी एक नेम होता. रस्त्यात उभ्या गाडीला विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही. मागे दगड आणि झाडाची फांदी ठेवलेली दिसली की गाडी हळू करायची, "क्या हुआ उस्ताद?" म्हणायचे. पाना द्यायचा, जॅक द्यायचा, डिझेल संपले असेल तर नळी लावून पाच लिटर द्यायचे. शिवपुरी ते मुरैना या टापूत रात्री एकट्याने गाडी काढायची नाही, पाच-सहा जमल्यावरच निघायचे, हा तर दरोड्याच्या भीतीने पडलेला दंडक. अशा रांगेत पुढची लाल बत्ती बघत रात्र काढलेली माणसे एकमेकांचे तोंड न बघताही मित्र होतात, असे दाजींचे म्हणणे.

गुन्याचे एकोणीस दिवस

२००६ च्या पावसाळ्यात ग्वाल्हेरहून परतताना दाजींना कावीळ झाली. आधी दोन दिवस अंगावर काढली. गुन्याच्या अलीकडे एका ओळखीच्या ढाब्यावर गाडी लावली ती खाली उतरता येईना. ढाबेवाल्याने डोळे पाहिले आणि मोटरसायलीवर मध्ये बसवून, मागे पोऱ्याला धरायला लावून, सरकारी दवाखान्यात नेले. सलाइन लागले. तिसऱ्या दिवशी मालकाने दुसरा ड्रायव्हर पाठवून गाडी नेली. माल वेळेवर पोचायला हवा होता, त्यात गैर काही नाही. पण गाडीबरोबर ड्रायव्हरला न्यावे असे कोणाच्या मनात आले नाही. त्या एकोणीस दिवसांचा पगारही मिळाला नाही.

दवाखान्यातून ढाबेवाल्याने दाजींना आपल्या गावातल्या घरी नेले. ताई भाचीला कडेवर घेऊन निघायच्या तयारीत होती. रोज रात्री त्या माणसाचा फोन यायचा. "भाभी, तुम्ही येऊ नका, आज दोन पोळ्या खाल्ल्या." दुसऱ्या दिवशी, "आज तीन." ताई अजून सांगते की तेवढे दिवस तिने आपल्या नवऱ्याची तब्येत पोळ्यांच्या हिशोबात मोजली.

घरात ढाबेवाल्याची म्हातारी आई होती. उसाचा रस, ताक, मुगाचे पाणी तीच द्यायची, पितळेच्या पेल्यातून. घरी नेल्यावर दोन-तीन दिवसांनी तिने विचारले, "भैया, कौन लोग हो?" दाजींनी सरळ सांगितले, "बौद्ध आहोत अम्मा. बाबासाहेबांचे लोक." म्हातारीला समजले. ती काही बोलली नाही. पेला उचलून आत गेली. दाजी म्हणतात, त्या दुपारी मला तापाचे काही वाटेना. संध्याकाळी तोच पेला येतो की दुसरा येतो, एवढेच मनात.

संध्याकाळी तोच पेला आला.

ही पेल्याची धास्ती कुठून येते ते आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. याच आग्रा रोडवर धुळ्याहून चाळीसगावकडे रस्ता फुटतो. १९२९ साली त्या चाळीसगावच्या स्टेशनवर टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना नेण्यास नकार दिला. टांगा मिळाला, हाकणारा मिळेना. शेवटी वस्तीतल्याच एका नवख्या माणसाने लगाम हातात घेतला, पुलावर चाक अडकले, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. धुळ्याचा तो फाटा आला की दाजी क्लीनर पोरांना ही गोष्ट सांगत. मग स्टीअरिंगवर हात ठेवून म्हणत, "आता हाकणारे आपण आहोत." पोरांना ते कितपत कळायचे कोण जाणे, पण ऐकून घेत.

सगळीकडे गुन्यासारखे झाले असे मात्र नाही. माळव्यातल्या एका घरी, जिथे दाजी चार वर्षे येता-जाता चहा प्यायचे, तिथे आडनावावरून उलगडा झाल्यावर पुढच्या खेपेला चहा ओसरीवर आला, तोही कागदी कपात. दाजींनी तो प्यायला, पैसे काढून कपाखाली ठेवले आणि परत त्या घरी गेले नाहीत. काही ड्रायव्हर लाइनवर दुसरेच आडनाव सांगतात हेही मला माहीत आहे. मी त्यांना नावे ठेवत नाही. रात्री दोन वाजता परक्या गावात ज्याची गाडी बंद पडली आहे त्याने काय सांगावे हे पंख्याखाली बसून ठरवणे सोपे असते. पण दाजींनी कधी बदलले नाही, आणि त्यांचे म्हणणे असे की त्यामुळे मित्र कमी झाले, पण जे राहिले ते राहिले.

ऐरोलीचे पाहुणे

२०१४ साली गुन्याचा फोन उलट्या बाजूने आला. ढाबेवाल्याच्या थोरल्या भावाला तोंडाचा कॅन्सर झाला होता आणि परळला टाटा हॉस्पिटलमध्ये दाखवायचे होते. बाहेरगावच्या रुग्णाला मुंबईत राहायला जागा मिळणे हेच अर्धे दुखणे असते. दाजी तेव्हा लाइनवर, देवासच्या पुढे. त्यांनी ताईला फोन केला. ताई म्हणाली, "विचारताय काय, पत्ता सांगा."

दोन खोल्यांच्या घरात सात आठवडे चार माणसे जास्त. रुग्ण, त्यांची बायको, मुलगा आणि ती म्हातारी अम्माही. ती मंडळी शाकाहारी. ताईने आपण होऊन सुकट-बोंबलाचा डबा शेजारणीकडे ठेवायला दिला. सात आठवडे! आमचा भाचा रोज संध्याकाळी शेजारी "अभ्यासाला" जायचा आणि बोटांना वास घेऊन परत यायचा. सकाळी बसने ऐरोलीचा पूल ओलांडून मुलुंड स्टेशन, तिथून स्लो लोकलने परळ. पहिले चार दिवस मी रजा टाकून बरोबर गेलो, कागदपत्रे, केस पेपर, रांगा कुठे कशा ते दाखवले. आमच्यासारख्या क्लार्कचा उपयोग तो एवढाच. पुढे मुलगा सराईत झाला.

अम्मा दिवसभर घरी असायची. तिने आल्या दिवशी भिंतीवरचे दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले. काही विचारले नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताई कपडे वाळत घालून आत येते तो अम्मा त्याच भिंतीखाली बसून भाचीकडून हिंदीत कोण काय ते ऐकून घेत होती. भाची तेव्हा शाळेत भाषणे करणारी, तिने महाडपासून सुरुवात केली होती. ताईने तसेच पाऊल मागे घेतले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

त्या भावाचे ऑपरेशन झाले. बोलताना अडखळतात, पण आहेत. भाचीच्या लग्नाला २०२२ साली गुन्याहून सहाजण आले होते. आहेराच्या यादीत त्यांच्या नावापुढे नाते काय लिहावे हे लिहिणाऱ्याला कळेना. ताईने "माहेर" लिहायला लावले. मी सख्खा भाऊ तिथेच उभा होतो, असो.

आता गाडी थांबत नाही

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, जुने दिवस चांगले. तसे नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, सरहद्दीवरचे विक्रीकराचे नाके गेले. २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. चौपदरी रस्ता, बाह्यवळणे, घाट सोपे. ऑक्टोबर २०२५ पासून नव्या बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. मे महिन्यात इंजिनाशेजारी बसलेल्या माणसालाच याची किंमत कळते. हे सगळे चांगलेच आहे.

पण वाचलेला वेळ कोणाला मिळाला? ड्रायव्हरला नाही. गाडीला जीपीएस लागले. मालकाच्या मोबाइलवर गाडी म्हणजे एक ठिपका. ठिपका वीस मिनिटे हलला नाही की फोन: "का थांबलास?" मित्राच्या ढाब्यावर थांबलो हे उत्तर चालत नाही. गुन्याचा तो ढाबा आता दुभाजकाच्या पलीकडे पडला आहे, परतीच्या गाडीला त्याच्याकडे यायचे तर पुढे जाऊन वळून यावे लागते. समृद्धी महामार्गावर तर बाज टाकायला कडेला जागाच नाही, तो रस्ता दोन्ही बाजूंनी बंदिस्त. खर्च वाचवायला पुष्कळ मालकांनी क्लीनर काढून टाकला. केबिनमध्ये माणूस एकटा. बोलायला मोबाइल आहे, पण गाडी चालवताना तो कानाला लावायचा नाही, आणि ते बरोबरच आहे.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरला दिवसाला ८ तास, लांब पल्ल्यावर फार तर १० तास अशी मर्यादा घातली होती. तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू. आपल्याकडचे बहुतेक मालक दोन-तीन गाड्यांचे. त्यामुळे माझ्या बावीस वर्षांत या कायद्याचे नाव घेणारा एकही ड्रायव्हर बाकड्यावर बसला नाही. आता तो नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. बघू या. माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माथाडी बांधवांनी लढून १९६९ साली स्वतःचा कायदा मिळवला, मंडळ मिळवले, नवी मुंबईत त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. तोच माल वाहून नेणाऱ्याकडे असे काही नाही. त्याच्याकडे होती ती रस्त्यावरची माणसे.

ती तुटली की काय होते ते २०२३ च्या हिवाळ्यात आम्ही पाहिले. दाजींच्याच हाताखाली क्लीनर म्हणून शिकलेला, आमच्याच वस्तीतला एक तरुण. वय ३१, साखरेचा आजार, गाडीवर एकटा. रात्री नाशिकच्या पुढे एका पार्किंगच्या जागेत गाडी लावून झोपला आणि सकाळी उठलाच नाही. साखर उतरून बेशुद्ध. मालकाचे फोन वाजत राहिले, ठिपका जागच्या जागी. आजूबाजूला वीस-पंचवीस गाड्या होत्या, कोणी कोणाला ओळखत नव्हते. दहाच्या सुमारास शेजारच्या गाडीच्या ड्रायव्हरला वाटले, या गाडीची काच रात्रीपासून तशीच अर्धी उघडी आहे. त्याने दार ठोठावले, आत हात घालून कडी काढली आणि त्याला आपल्याच गाडीतून दवाखान्यात नेले. तिथे नाव-पत्ता विचारू लागले तेव्हा तो निघून गेला. पोलिसांच्या लफड्यात पडायची भीती. खरे तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्यामुळे संरक्षण मिळते, त्याच्यावर दावा लावता येत नाही. पण हे त्याला कोण सांगणार? अपघातानंतर थांबले तर जमाव मारतो, पळाले तर कायदा धरतो, याच कात्रीपायी जानेवारी २०२४ मध्ये देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या होत्या.

पोरगा वाचला. त्यानंतर आमच्या वस्तीतल्या मंडळाने एक साधे काम केले. ऐरोली, दिघा, घणसोलीतल्या आपल्या ओळखीच्या ड्रायव्हर कुटुंबांच्या घरी जाऊन प्रत्येकाला एक वही करायला लावली. तुमच्या घरात कोणी लाइनवर असेल तर तुम्हीही करा. गाडीचा नंबर, मालकाचा आणि ट्रान्सपोर्टचा फोन, रक्तगट, औषधे, आणि वाटेवरच्या प्रत्येक जिल्ह्यातल्या एका तरी माणसाचे नाव आणि फोन, मग तो ढाबेवाला असो, पंक्चरवाला असो की पंपावरचा पोऱ्या. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेला १०८, हे नंबर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत. शेवटच्या रकान्याला फार त्रास झाला. तरुण ड्रायव्हरांना वाटेवरची माणसेच सांगता येईनात. टोलनाक्यांची नावे पाठ, माणसाचे एकही नाही. तेव्हा दाजी आणि त्यांच्या वयाच्या तिघांनी आपले जुने नंबर काढून दिले, आणि पोरांसमोर बसून एकेकाला फोन लावला. "हा माझा माणूस आहे, तुमच्याकडे येईल, बघा." धुळ्याचा एक आणि देवासचे दोन वारले होते. बाकीच्यांनी ओळखले.

त्या तरुणाला दवाखान्यात पोचवणारा कोण ते मात्र सापडले नाही. तिथल्या वॉर्डबॉयला एवढेच आठवते की गाडी बिहार पासिंगची होती आणि ड्रायव्हरच्या गळ्यात हिरवा गमछा होता. दाजी आता रबाळ्यालाच एका कारखान्याच्या गेटवर असतात. बिहारची पाटी आत आली की एंट्री करून झाल्यावर ते थर्मासमधला चहा घेऊन केबिनपाशी जातात आणि विचारतात, "उस्ताद, २०२३ च्या थंडीत नाशिकच्या पुढे कोणाला दवाखान्यात नेले होते का?" अजून कोणी हो म्हटलेले नाही. चहा सगळे घेतात.